खारीनं वाट पाहिली होती

म्हैसूरच्या बाजारात डिसेंबरात अवरेकाई येते आणि माझं डोकं फिरतं.

मंडी मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर पोती अंथरून हिरवेगार ढीग लागतात. शेंगांवर थंडीतल्या दवाचा चिकट थर असतो. हात लावला की एक तेलकट, उग्र वास बोटांना धरून बसतो आणि दोनदा साबण लावला तरी जात नाही. इथले लोक त्या वासाला सोगडु म्हणतात. शेंग घेण्याआधी ती नाकाशी नेतात, हुंगतात, आणि सोगडु नसला तर ढीग सोडून पुढं जातात. आमच्या कोल्हापूरकडे हिला पावटा म्हणतात. जन्मभर पावट्याची उसळ खाल्ली, पण शेंग हुंगून घ्यायची असते हे मला इथं येऊन कळलं.

ह्या वासानं बाकीच्यांना भूक लागते, मला राग येतो. चार वर्षं झाली. दर डिसेंबरात तो येतो आणि संक्रांत उलटून शेंगा निबर झाल्या की उतरतो. ह्या वर्षी तो उतरेल असं दिसत नाही, कारण परवा श्रीवत्सचा फोन आला. पण आधी चार वर्षांपूर्वीची ती थंडी सांगायला हवी.

मी कोल्हापुरात अकरा वर्षं बालवाडी चालवली. मग नवऱ्याची नोकरी इकडं आली, त्याच्यामागून मी आले, आणि बाजारापुरतं कन्नड शिकत शिकत घरात बसले. चार वर्षांपूर्वी कुणीतरी माझं नाव एका लहानशा चॅनलला सुचवलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी त्यांना एक कार्यक्रम करायचा होता. श्रीवत्स त्याचा निर्माता. तिशीचा, चष्मेवाला, अतिशय नम्र माणूस. मला म्हणाला, तुम्ही आमच्या बालविकास सल्लागार. हे ऐकून माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू?

स्टुडिओ म्हणजे मेटगळ्ळीतली एक शेड. पूर्वी तिथं पुठ्ठ्याची खोकी व्हायची, त्यामुळे आत शिरलं की अजून खळीचा वास यायचा. सकाळी दहाला पत्रे थंडगार असायचे आणि दुपारी दोनला आतला माणूस भाजून निघायचा. शेजारी लोखंडाचे पार्ट बनवायचा कारखाना. तिथलं प्रेस खाली आलं की आमची जमीन हलायची आणि आवाज धरणारा माणूस कानावरचं काढून हात वर करायचा. मग सगळ्यांनी थांबायचं. त्या तीन महिन्यांत चॅनलवाले थांबले ते फक्त त्या प्रेससाठी.

पहिल्याच बैठकीत श्रीवत्सनं सांगितलं, "मॅडम, मुलं खिळून बसली पाहिजेत. पापणी लवता कामा नये." तो बोलायचा कन्नडमध्ये, मधूनमधून इंग्रजी पेरून; मी आपलं मराठीत देते आहे.

"पापणी लवली नाही तर डोळे कोरडे पडतात," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

पहिला भाग अवरेकाईवर करायचा हा हट्ट माझा. कारण त्या दिवसांत म्हैसूरच्या घराघरात दुपारी एकच काम चालू असतं. शेंगा सोलून दाणे पाण्यात टाकायचे, फुगले की एकेक दाणा अंगठा आणि बोट ह्यांच्यात धरून दाबायचा, आणि साल हातात ठेवून डाळ टुणकन वाटीत पडते. आपल्याकडे डाळिंब्या सोलतात तसं. घरातल्या पोराटोरांनाही परात पुढं ओढून ह्या कामाला बसवतात. बोटांना ताकद येते, नजर स्थिरावते, आधी हे मग ते असा क्रम कळतो, गप्पा तर चालूच असतात. चार वर्षांच्या मुलाला शिकवायला मला तरी ह्याहून चांगलं काही सुचत नव्हतं. एक परात, एक वाटी, एक हात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच परात, त्याच जागी. परात सारखी उचलून नव्या जागी नेऊन ठेवली की लहान मुलाला आधीचं काय होतं तेच विसरायला होतं.

श्रीवत्सच्या चित्रं हलवणाऱ्या मंडळींनी पहिल्या आठवड्यात काय करून आणावं? नाचणारे दाणे. प्रत्येकाला दोन डोळे, हसरं तोंड, हातपाय. ते गाणं म्हणत परातीत उड्या मारत होते.

"आणि आता ह्यांना दाबून ह्यांची सालं काढायची?" मी विचारलं.

मग एकजण म्हणाला, साल काढायचं दाखवू नका ना मॅडम, नुसतं गाणंच ठेवू. ह्याला म्हणतात उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्या दिवशी मी त्या दाण्यांचे डोळे काढायला लावूनच घरी गेले.

मग मंजूनाथ आला, आणि मला वाटलं, आता काही धड होईल.

मंजूनाथ मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरातला. त्यांचे पूर्वज रंगारी, कापडं रंगवणारे आणि छापणारे. कोण कधी इथं आले ते त्यालाही सांगता येत नाही. आता तो लग्नाच्या पिशव्या आणि दुकानांचे फलक छापतो. हात मात्र पिढीजात कापडातला. त्यानं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांतून एक खार शिवली, हातात घालून चालवायची. शेपटी नीट झुपकेदार व्हावी म्हणून ती त्यानं तीनदा उसवली. मग चालवायचीही त्यानंच आणि आवाजही त्याचाच, कारण दुसरं कुणी हात घातला की ती खार खारीसारखी वागेना.

तो मला अक्का म्हणतो. त्याचं मराठी ऐकायला सुरुवातीला मला कान टवकारावे लागायचे, कारण मध्येच कन्नड येतं: सुम्ने म्हणजे उगीच, नोडी म्हणजे बघा, सोल्प म्हणजे थोडं. "अक्का, आमच्या घरात आता रंग कोण करतंय? सुम्ने पिशव्या छापतो मी. पण आजोबाच्या रंगांची नावं तेवढी राहिली, नोडी. ती मात्र पुट्टीला सगळी येतात."

पुट्टी त्याची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. पुट्टी म्हणजे आपली छकुली. बापाला अप्पा म्हणते आणि मला अत्ते, म्हणजे आत्या. ती दुकानात छापायच्या चौकटींच्या मागं बसलेली असायची आणि शाईच्या डब्यांना हाका मारायची. अबोली, मोतिया, डाळिंबी, कुसुंबी. मला त्यातल्या निम्म्या रंगांत फरक दिसायचा नाही. तिला विचारलं तर ती डब्याकडे बघायची, मग कापडाकडे बघायची, आणि कितीतरी वेळानं सांगायची. त्या वेळात चहा प्यावा.

रेकॉर्डिंग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात मंजूनाथ खार गुडघ्यावर ठेवून बसलेला मला दिसला. पुट्टीला एका नावाजलेल्या शाळेत एलकेजीच्या इंटरव्ह्यूला नेलं होतं.

"मिस कार्ड दाखवली, अक्का. व्हॉट कलर विचारली. माझी पुट्टी बघत बसली. मत्ते मिस दुसरा कार्ड काढली, मत्ते तिसरा. आयतु, संपलं. कागदावर लिहिली, मुलगी बोलत नाही."

"मग?"

"बाहेर येऊन गाडीवर बसताना मला म्हणते, अप्पा, ते रेड नव्हतं, किरमिजी होतं. आणि सोल्प जांभळं पण दिसत होतं, म्हणून बघत होते." त्यानं खारीची शेपटी सारखी केली. "आता गल्लीतली मुलं पण तिला मुकी म्हणतात. जानेवारीच्या शेवटी दुसऱ्या शाळेत इंटरव्ह्यू आहे. तिथं पण असंच झालं तर?"

रंगाऱ्याच्या पोरीला रंग विचारून, ती बोलत नाही असं लिहून दिलं त्या बाईनं. मला त्या बाईचा राग आला, आणि रागाच्या पोटात एक सुनंदा उभी राहिली. कोल्हापूरला माझ्या बालवाडीत होती. दुसऱ्यांनी उत्तर देऊन झालं की मग तिचा हात वर यायचा, रोज, आणि मी रोज म्हणायचे, झालं गं आता, खाली कर. अकरा वर्षांत अशा किती सुनंदांचे हात मी खाली करायला लावले ते मोजायची माझी हिंमत नाही. म्हणून सांगते, मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी हे करून चुकलेली बाई आहे.

त्या आठवड्यात मी आमच्या खारीला वाट बघायला शिकवायचं ठरवलं. खार प्रश्न विचारेल आणि मग थांबेल. माझ्या मनातल्या मोजणीनं सात सेकंद. सहा पुट्टीसाठी आणि एक तिच्याही मागं असणाऱ्या कुणासाठी. प्रश्न असा की उत्तर चुकायचंच नाही: आधी मोठा दाणा सोलू की लहान? सात सेकंद झाले की खार म्हणेल, "केळिस्तु." म्हणजे ऐकू आलं. शाब्बास नाही, टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. तुझं ऐकू आलं, एवढंच. आणि एक लहान, एक मोठा असे दोन्ही दाणे सोलून दाखवेल.

सात सेकंद म्हणजे काय हे टीव्हीच्या लोकांत बसून बघावं. तिसऱ्या सेकंदाला त्यांचे पाय हलू लागतात, पाचव्याला घशात खवखवतं. मंजूनाथचा हात डोक्याच्या वर ताणलेला असायचा आणि खार काही निपचित पडून राहत नव्हती. ती मान तिरकी करायची, समोर बघायची, दाणा हुंगायची, परत समोर बघायची. कुणाची तरी खरोखर वाट बघत असल्यासारखी. अडचण एकच होती. त्या शांततेत शेजारचं प्रेस घुसायचं. खार वाट बघते आहे आणि मागून धडाम. शेवटी आम्ही शेजारच्या कारखान्याच्या सुट्टीचा दिवस धरला आणि पहिल्या भागातल्या सगळ्या शांतता त्या एका दिवसात करून घेतल्या. पत्र्यावर कावळे बसू नयेत म्हणून एक माणूस बाहेर उभा केला होता. शांतता आयती मिळत नाही. ती आम्ही राबून तयार केली होती.

तयार झालेला भाग मी मंजूनाथच्या दुकानात मुलांना दाखवला. गल्लीतली सहा मुलं, खाली सतरंजी, एक लहानसा टीव्ही, भिंतीला टेकवलेल्या छापायच्या चौकटी. माझी एक पद्धत आहे. मी टीव्हीला पाठ करून, मुलांकडे तोंड करून बसते. चित्र मला पाठ असतं, बघायची ती मुलं. श्रीवत्सला मी कितीदा म्हटलं, एकदा तरी असा बसून बघ. तो म्हणायचा, नक्की मॅडम, नेक्स्ट टाइम.

खारीनं विचारलं, मोठा की लहान? मी तोंडातल्या तोंडात मोजायला लागले. एकाला काही नाही. दोनला दोघं ओरडले, मोठा. तीनला आणखी एक. चारला एक मुलगी शेजारणीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, लहान. पाच. पुट्टीचे ओठ किंचित सुटले. ती दाण्यांकडे बघत होती, मग खारीकडे बघितलं तिनं. सहा.

"लहान," ती म्हणाली. "लहानाला आधी. त्याला भीती वाटते."

मागं टीव्हीतून आवाज आला, केळिस्तु.

पुट्टी हसली नाही, टाळ्या पिटल्या नाहीत. नुसती पुढं सरकली, मांडी घातली आणि पुढच्या प्रश्नासाठी बसली. पुढच्याला पाचव्या सेकंदाला बोलली. दारात उभा असलेला मंजूनाथ आत आला नाही. चौकटीला टेकून उभा होता आणि शाईचा हात त्यानं शर्टाला कधी पुसला हे त्याला कळलं नाही. मला म्हणाला, "थांबलं की बोलते, अल्वा अक्का?" मी म्हटलं, हो.

मग तो शनिवार आला. सकाळी साडेआठला पहिला भाग लागणार होता. मंजूनाथनं दुकान उशिरा उघडायचं ठरवून सगळ्यांना वर घरी बोलावलं. बाहेर धुकं होतं, स्वयंपाकघरात अवरेकाईचं सांबार उकळत होतं आणि घरभर सोगडु भरला होता. पुट्टी केस विंचरून टीव्हीसमोर बसली. मी नेहमीप्रमाणे टीव्हीला पाठ करून बसले. म्हणून आधी मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

खार म्हणाली, आधी मोठा दाणा सोलू की लहान? आणि त्याच श्वासात, केळिस्तु, केळिस्तु. वर टाळ्या. शंभर मुलांच्या टाळ्या, कुठून आणल्या देव जाणे. मग ते डोळेवाले दाणे नाचत आले.

पुट्टीचं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिनं टीव्हीकडे बघितलं नाही. ती वळली आणि बापाकडे बघायला लागली. खारीच्या आत अप्पाचा हात आहे आणि आवाज अप्पाचा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा अप्पा सगळ्या गावासमोर म्हणाला होता की ऐकू आलं, आणि ती अजून बोललीच नव्हती.

"मी नाही गं," मंजूनाथ म्हणाला. "पुट्टी, मी थांबलो होतो. खरंच थांबलो होतो." चार वर्षांच्या पोरीला हे कसं समजावं? दुसरा प्रश्न आला, दुसरं केळिस्तु आलं. तिसऱ्याला तिनं तोंड उघडलं नाही. बघत बसली, पापणी न लववता. श्रीवत्सला हवी होती तशीच.

मी तिथूनच रिक्षा करून मेटगळ्ळीला गेले. श्रीवत्सनं खुर्ची दिली, चहा मागवला. त्याच्या नम्रपणाचीच मला चीड येते. ओरडला असता तर ओरडता तरी आलं असतं.

"मॅडम, एडिटिंगवाल्यांना वाटलं आवाज उडालाय. मध्येच इतका वेळ काही ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी ते जोडून टाकलं. मी बघितलं, तर उलट बरं वाटलं. वेग आला."

"ती चूक नव्हती. तोच तर कार्यक्रम होता."

"पण त्या सात सेकंदांत काहीच घडत नाही हो."

"टीव्हीत घडत नाही. समोर सतरंजीवर घडतं."

"तिथं आपला कॅमेरा नसतो, मॅडम," तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याला हे उत्तर पुरेसं वाटत होतं.

"निदान केळिस्तु तरी काढून टाका. ऐकलं नाही तर ऐकलं म्हणू नका. लहान मुलाशी खोटं बोलताय तुम्ही."

"ते फार गोड आलंय. सगळ्यांना तेच आवडलंय. थोडं अॅडजस्ट करा ना, मॅडम."

मी केलं नाही, पण त्यानं काय होतं? मी तीन पत्रं लिहिली. चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. पुढचे भाग त्यांनी शांतता न घेताच केले. पालकांनी कौतुक केलं, मूल कसं गप्प बसून जेवतं म्हणाले. मूल टीव्हीसमोर गप्प बसलं की शिकतंय, आणि माणसांत गप्प बसलं की मंद आहे, असा आपला हिशेब. चार वर्षांच्या मुलाच्या हातात रिमोट नसतो. चॅनल बदलेल ही भीती असते ती आपल्याला. आपल्यालाच दोन क्षण काही घडलं नाही की धडधडतं, आणि आपलं औषध आपण पोरांना पाजतो. सगळं झाल्यावर शेवटी माझं नाव यायचं, बालविकास सल्लागार. तेही इतक्या वेगानं जायचं की माझ्या नवऱ्याला एकदाही वाचता आलं नाही. तेवढी एक गोष्ट त्यांनी माझ्या मनासारखी केली.

आणि पुट्टी? जानेवारीअखेरच्या त्या इंटरव्ह्यूला आठ दिवस राहिले होते. मंजूनाथनं खार कपाटात ठेवली आणि रोज संध्याकाळी पोरीला समोर बसवलं. हातात रंगाची कार्डं. "लगेच सांगायचं, पुट्टी. चुकलं तर चुकू दे. पण लगेच." मी एकदा गेले होते तेव्हा हे चाललेलं बघितलं. मी त्याला बोलले. तो मान खाली घालून म्हणाला, "अक्का, तुम्ही थांबा म्हणता. पण कोण थांबतंय? टीव्ही थांबत नाही, मिस थांबत नाही. मग तिलाच पळायला शिकवायला पाहिजे की." आठ दिवसांत पुट्टी पळायला शिकली. शाळेत प्रवेश मिळाला. मंजूनाथनं पेढे आणून दिले आणि मी ते खाल्ले.

आता परवाचं.

श्रीवत्सचा फोन आला तेव्हा मी पाटावर बसून अवरेकाईच सोलत होते. त्याच कार्यक्रमाचा नवा सीझन येतो आहे, ह्या वेळी मोबाइलवरही. भाग आणखी छोटे, आणखी झटपट. कापडी बाहुल्या मंजूनाथच शिवतो आहे. "तुमचं नाव मात्र हवंच, मॅडम. पालकांना विश्वास वाटतो. काम काहीच नाही, फक्त नाव." वर तो अगदी समजुतीनं म्हणाला, "घाई नाही. शांतपणे विचार करा. चार दिवस घ्या."

चार दिवस. पन्नाशीच्या बाईला एका हो किंवा नाहीसाठी ह्या माणसानं चार दिवस दिले. फोन ठेवल्यावर माझी कानशिलं तापली होती.

दुसऱ्या दिवशी मंजूनाथच्या दुकानात गेले. नाही म्हणायचं तर आधी त्याला सांगायला हवं होतं, त्याचं काम त्यात आहे. टेबलावर नवा ससा होता, पांढराशुभ्र, एक कान दुमडलेला. शिवण बघून हात लावावासा वाटला. पुट्टी शाळेतून येऊन बाकावर पाय हलवत बसली होती. आता दुसरीत आहे. वेणी घालते, आणि वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करते असं मंजूनाथ आल्यागेल्याला सांगतो.

"फटाफट आहे आता, अक्का. विचारून बघा काही पण. तुमचा प्रश्न संपायच्या आधी उत्तर देते."

मी ससा हातात घालून तिच्याकडे वळले. पाढे आणि राजधान्या मला विचारायच्या नव्हत्या. मी म्हटलं, "पुट्टी, ह्याचं नाव काय ठेवू या?"

तिचं तोंड पटकन उघडलं आणि तसंच थांबलं. मग तिनं सशाकडे बघायचं सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. आठ वर्षांची मुलगी माझ्या भुवया, माझे ओठ तपासत होती.

"अत्ते, तुम्हाला कुठलं पाहिजे? ते सांगा ना. तेच सांगते मी."

एवढं बोलून ती हसली, हुशार मुलं हसतात तसं.

मला त्या मिसची आठवण झाली नाही, श्रीवत्सचीही झाली नाही. आठवली ती सतरंजीवरची पुट्टी. ही तीच पोर होती जिला लहान दाण्याची भीती दिसली होती. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं, तिचं तिला दिसलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्याकडून काढून घेतलं होतं आणि त्याबद्दल तिला शाळेत पहिल्या बाकावर बसवलं होतं.

मी पर्स उघडली आणि तिथंच श्रीवत्सला फोन लावला. म्हटलं, माझं नाव नको, आणि जुन्या भागांवरचंही काढा. तो काहीतरी बोलत होता तोच फोन बंद केला. मंजूनाथ पांढराफटक पडला. त्याला मी म्हटलं, तुझं काम तू कर, तुझी शिवण चांगली आहे, माझं भांडण तुझ्याशी नाही. मग पुट्टीसमोर स्टूल ओढून बसले.

"मला कुठलंच नको," मी म्हटलं. "तुला कुठलं वाटतं, ते सांग."

ती गोंधळली. बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी चेहरा अगदी कोरा ठेवला. मग तिची नजर हळूच सशावर गेली, त्याच्या दुमडलेल्या कानावर. तिनं त्या कानाला बोट लावलं. पाय हलायचे थांबले.

सात झाले. दहा झाले. रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. वीसच्या पुढं मी मोजायचं सोडलं.

"अक्का, जाऊ द्या," मंजूनाथ हळू आवाजात म्हणाला. "सुचत नसेल तिला. मी सांगू का?"

"तू गप्प बस," मी म्हटलं.